ऑल्टो जाईल हो, पण परत कशी येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तिघे मित्र, तिघेही हिंजवडीत नोकरीला. घरची २००९ सालची ऑल्टो, आठशे सीसी, शहाऐंशी हजार किलोमीटर पळालेली, आरसी वडिलांच्या नावावर. पुढच्या जुलैत ती युरोपात न्यायची, तिथून तुर्कस्तान, जॉर्जिया, मध्य आशिया करत मंगोलिया गाठायचा आणि वाटेत एका संस्थेसाठी निधी गोळा करायचा. आणि मग विचारलंय: स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला हवा देणारी उंच नळी, बसवावा का, छतावर तंबू चालेल का, सस्पेन्शन उचलून घ्यावं का?

स्नॉर्कल नको. छतावरचा तंबू तर अजिबातच नको. सस्पेन्शनचं पुढे सांगतो. पण प्रश्न दोनदा वाचला तरी एक गोष्ट मला त्यात सापडली नाही: मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला पोहोचल्यावर गाडीचं काय करणार?

माझं सिंहगड रस्त्याला गॅरेज आहे. त्याआधी पिंपरीत एका कारखान्याच्या चाचणी विभागात अठरा वर्षं काढली. २०१८ साली एका मित्राबरोबर जुनी मारुती ८०० घेऊन इराणमार्गे युरोपात गेलो आणि गाडी बोटीने परत आणली. त्यानंतर चार-पाच जणांच्या गाड्या अशा प्रवासासाठी तयार करून दिल्या. त्यातल्या दोन निघाल्याच नाहीत. दोन्ही गाड्या ठणठणीत होत्या, अडलं ते कागदावर.

लहान गाडी मंगोलियापर्यंत नेऊन निधी जमवायचा, ही रॅलीची कल्पना मुळात युरोपातल्या लोकांची. या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मंगोल रॅली २००४ साली सुरू झाली. गाडी लहान इंजिनाची हवी, आयोजकांची मदतगाडी मागे नाही, ठरलेला रस्ता नाही, आणि प्रत्येक संघाने किमान हजार पौंड निधी जमवायचा. सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटनमधला पोरगा स्वस्तात खटारा घ्यायचा, धक्के खात शेवटपर्यंत न्यायचा आणि तिथे सोडून विमानाने घरी जायचा. त्या गाडीला परतीचं तिकीट लागायचं नाही. तुमच्या गाडीला लागतं.

पुण्याची गाडी तात्पुरती देशाबाहेर न्यायची तर सरळ मार्ग म्हणजे कार्नेट. हा गाडीचा पासपोर्टच समजा. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो, मुदत एक वर्षाची. त्यामागे तुम्ही हमी ठेवता. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक देशात शिरताना कस्टम फाडून घेतं, एक बाहेर पडताना, आणि तिसरा वहीतच राहतो, त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन शिक्के हवेत. शेवटी गाडी भारतात परत आल्याची नोंद झाली की हमी सुटते. गाडी परदेशात विकली, टाकली किंवा हरवली तर तिथला आयात कर तुमच्या हमीतून जाऊ शकतो.

हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणकोणत्या देशांतून जाणार यावर ठरते. इराणचं नाव घातलं की आकडा चढतो. म्हणून तुमची जुनी ऑल्टो ही फार शहाणी निवड आहे. किंमत कमी म्हणून हमी कमी. थार घेऊन जाऊ म्हणणाऱ्याला मी पहिलं हेच सांगतो: बाबा रे, डोंगर चढशील, हमीचा डोंगर कसा चढणार?

आता मंगोलियाकडे बघा. त्या देशाला समुद्र नाही. तिथून गाडी आणायची म्हणजे कंटेनरमध्ये भरून रेल्वेने चीन ओलांडून त्यानजिन बंदर, आणि तिथून बोटीने न्हावाशेवा. या परतीचा खर्च तुमच्या ऑल्टोच्या आजच्या बाजारभावाच्या कितीतरी पट होईल. स्वतः चालवत चीनमधून येऊ म्हणाल, तर चीन आपलं आंतरराष्ट्रीय लायसन मानत नाही. आधीची परवानगी, तिथलं तात्पुरतं लायसन आणि पूर्णवेळ गाइड लागतो, सगळं एजन्सीमार्फत. तुम्ही लिहिलेल्या बजेटात चीनचे आठ दिवसही बसणार नाहीत.

म्हणून माझ्या मते तुमच्यापुढे दोनच धड रस्ते आहेत. मंगोलियाच हवा असेल तर गाडी पुण्याची नको. तुमचा आतेभाऊ म्युनिकला आहे असं लिहिलंय. तिथे त्याच्या नावावर छोटी गाडी घ्या, विमा तिथलाच काढा आणि त्याच्याकडून नोटरी केलेलं अधिकारपत्र रशियन भाषांतरासह घ्या. स्टिअरिंग डावीकडे मिळेल हा वरचा फायदा. शेवटी गाडीचं काय करायचं, तिथला आयात कर भरायचा की भंगारात द्यायची, हे आयोजकांना लेखी विचारून ठेवा. आणि ऑल्टोच हवी असेल, पुण्याचीच पाटी लावून फिरायचं असेल, तर मंगोलिया सोडा आणि शेवट एखाद्या बंदराजवळ करा. जॉर्जियातलं पोती, तुर्कस्तानातलं मेर्सिन. मध्य आशिया बघून मागे फिरता येतं. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, पण मला उलानबातरचं आकर्षण नाही आणि मी अठ्ठावीस वर्षांचाही नाही, हे धरून चाला.

रस्त्याबद्दल मी ठाम काही सांगत नाही, कारण नकाशा दर सहा महिन्यांनी बदलतो. अटारी-वाघा एप्रिल २०२५ मध्ये बंद झालं. म्यानमारचा रस्ता २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाचा राहिला नाही. अझरबैजानने २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांना बंद केल्या आणि मग मुदत वाढवतच नेली, त्यामुळे जॉर्जियातून बाकूला जाऊन कॅस्पियन समुद्र ओलांडणारी फेरीबोट पकडायचा जुना बेत बसत नाही. ती फेरी तरी कुठे वेळेवर सुटायची! माल भरला की निघायची, लोक बंदरावर चार-चार दिवस पडून राहायचे. इराणबद्दल तर निघायच्या महिन्यातच ठरवा. पूर्वी मात्र हे सरळ होतं. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला बस आली होती. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत मुंबईला पोहोचल्या आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. आज त्याच रस्त्यावर तुमची गाडी अमृतसरपुढे सरकत नाही.

आता घरच्या कागदांकडे या, कारण इथे तुमचा पहिला अडथळा आहे आणि तुम्हाला तो दिसलेला नाही. गाडी २००९ ची. म्हणजे आरसीची पंधरा वर्षं २०२४ मध्येच संपली. नूतनीकरण केलंत का? नसेल तर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत वाढवून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तोही काढा. बँकेचे हप्ते दहा वर्षांपूर्वी फिटलेले असतात आणि नाव मात्र तसंच असतं, हे मी निम्म्या गाड्यांवर बघतो.

आणि गाडी वडिलांच्या नावावर ठेवू नका. अधिकारपत्रावर नेता येते, मान्य. पण रात्री दोन वाजता सीमेवरच्या माणसाला बापलेकाचं नातं समजावण्यापेक्षा इथे संगम पुलाजवळच्या आरटीओत दोन चकरा मारलेल्या परवडल्या. कोणाच्या नावावर करायची हे मात्र विचार करून ठरवा. तुर्कस्तानात आणि पुढच्या बऱ्याच देशांत गाडी आत आणणाऱ्या माणसाच्या नावावर नोंदली जाते. तो माणूस गाडीशिवाय देशाबाहेर पडायला गेला की अडवतात. म्हणजे तिघांपैकी ज्याला नोकरीवरून अचानक बोलावणं येऊ शकतं, ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, त्याच्या नावावर गाडी नको. हे निकष लावून एक नाव काढा, मग आरटीओत जा.

आंतरराष्ट्रीय लायसन आरटीओच देतं, फॉर्म ४अ, हजार रुपये, मुदत एक वर्ष. तिघांनीही काढा. आपला गाडीचा विमा भारताबाहेर चालत नाही. जादा पैसे भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढतो, बस. पुढे प्रत्येक सीमेवर तिथला विमा घ्यायचा. युरोपासाठी ग्रीन कार्ड, म्हणजे तिथल्या देशांत चालणारा विम्याचा दाखला, किंवा सीमेवर घेतलेला विमा लागतो. गाडीमागे लंबगोलात ‘आयएनडी’ ही रोमन अक्षरं लावा.

कार्नेटचा माझा अनुभव सांगतो, चूक सर्वस्वी माझी. इराणमधून तुर्कस्तानात शिरताना पहाट झाली होती, दोघं झोपेने मेलो होतो. अधिकाऱ्याने वही परत दिली, मी ती पिशवीत टाकली. दोन दिवसांनी चहा पिताना उघडली तर बाहेर पडल्याचा शिक्का नाही. मागे जावं तर व्हिसा एकदाच शिरण्याचा. शेवटी गाडी परत आल्यावर इथल्या कस्टमकडून तपासणी, दाखला, पत्रव्यवहार असं सगळं करून हमी सुटली, त्यात आठ महिने गेले. तेव्हापासून माझा नियम आहे: शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मागची रांग ओरडली तरी. शिवाय लोणच्याची बरणी आणि कार्नेट एका पिशवीत ठेवू नये. आमच्या वहीच्या सातव्या पानावर लोणच्याचं तेल आहे आणि प्रत्येक कस्टमवाल्याने ते पान हुंगून बघितलं.

बोटीचं थोडक्यात. ऑल्टो साडेतीन मीटरची, वीस फुटी कंटेनरमध्ये एकच बसते. चाळीस फुटीत तीन बसतात, म्हणून जोडीदार शोधलात तर भाडं वाटलं जाईल. पण भाड्याच्या आकड्याला भुलू नका, खरा खर्च उतरण्याच्या बंदरावरचा असतो: हाताळणी, साठवण, तिथल्या एजंटची फी. हे आकडे लेखी मागा. टाकी जवळजवळ रिकामी, बॅटरीची तार काढलेली, आणि चाकांना लावायचे लाकडी ठोकळे प्रक्रिया केलेले, शिक्क्याचे.

आता गाडी, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. लोक गाडीत काय घालायचं ते विचारतात, मी आधी काढायला लावतो. तुमच्या गाडीचं स्वतःचं वजन सातशे किलोच्या जरा वर. तीन माणसांचे दोनशे धरा. मग डबे, पाणी, स्टेपन्या, हत्यारं, कपडे. सगळं भरा आणि वजनकाट्यावर नेऊन उभी करा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. मॅन्युअलमध्ये कमाल वजन दिलेलं असतं, त्याच्या वर काटा गेला की सामान उतरवायचं. वाद नाही. छतावरचा तंबू मी याच कारणासाठी नको म्हणतो: पन्नास-साठ किलो सगळ्यात वर गेले की वळणावर गाडी डुलते आणि कॅरिअरच्या पायांखाली पत्रा चिरतो. आमचा चिरला होता. साधा जमिनीवरचा तंबू घ्या.

सस्पेन्शन उचलू नका. उंची वाढवली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन बिघडतो आणि एक्सल बूट, म्हणजे जॉइंटवरची रबरी टोपणं, फाटतात. त्यात धूळ गेली की जॉइंट टकटक करायला लागतो. त्याऐवजी मागच्या स्प्रिंग जरा कडक, चारी शॉकअप नवे, सगळे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि चारी चाकांची बेअरिंग कंपनीची. नाना पेठेत स्वस्तातले मिळतात, पण बुशमध्ये वाचवलेले पाचशे रुपये कझाकस्तानात पाच दिवस खातात. एक्सल बूट दोन जास्तीचे बरोबर ठेवा.

चेंबरखाली गार्ड मात्र हवाच. भोसरीतला कोणीही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. सांगताना एवढं सांगा: तेल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेव, पुढून हवा जाईल अशी फट ठेव, आणि बोल्ट जमिनीच्या बाजूला बाहेर येऊ देऊ नकोस. माझा पहिला गार्ड तीन मिलिमीटर लोखंडाचा, नुसता बंद डबा होता. इंजिन तापायला लागलं तेव्हा लक्षात आलं की आपण गाडीला गोधडी पांघरलीय.

तापण्यावरून आठवलं. जुलैत इराण किंवा तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात पंचेचाळीसच्या वर पारा जातो. रेडिएटर नुसता धुऊन भागणार नाही, कोर बदला. होज पाइप, थर्मोस्टॅट, पंख्याची मोटर, पाण्याचा पंप नवे. जुने होज चांगले असतील तर तेच स्पेअर म्हणून बरोबर. टायमिंग बेल्ट टेन्शनरसकट बदला, शेवटचा कधी बदलला ते आठवत असलं तरी. क्लच प्लेट शहाऐंशी हजारांवर अर्धी गेलेली असेल, तीही नवी टाका. बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

पेट्रोल हा वेगळा विषय आहे. मध्य आशियात पंपांवर ८० आणि ९२ ऑक्टेनचं पेट्रोल दिसतं. ८० चं भरू नका, अगदीच नाइलाज झाला तर थोडं भरा आणि इंजिनावर ताण न देता चालवा. उझबेकिस्तानात बऱ्याच गाड्या गॅसवर चालतात, पेट्रोल गावोगाव मिळेलच असं नाही, म्हणून दहा लिटरचा लोखंडी डबा ठेवा. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, ते ताजिकिस्तानातल्या पामीर डोंगरांत बरं पडेल. तिथला आक-बैताल घाट ४,६५५ मीटरवर आहे, कार्बोरेटरच्या गाड्या तिथे धुरकटतात. पण इंजेक्शनला घाणेरडं पेट्रोल सोसत नाही. फ्युएल फिल्टर तीन आणि फ्युएल पंप एक, हे स्पेअर विसरू नका.

टायर: १४५/८० आर १२. बारा इंची टायर बाहेर सहज मिळत नाहीत, म्हणून स्टेपन्या दोन. बाकी स्पेअरबद्दल एक गंमत सांगतो. उझबेकिस्तानात देवू टिको नावाची छोटी गाडी बनायची, ७९६ सीसी, सुझुकीच्या जुन्या ऑल्टोवर बेतलेली. ताश्कंदच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं की त्याला ते आपल्याच घराण्यातलं वाटेल. मात्र सगळं जुळेल या भ्रमात राहू नका, तुमच्या इंजिनाचं हेड बारा व्हॉल्व्हचं, वेगळं आहे. पार्टनंबर वहीत लिहून न्या.

उजव्या स्टिअरिंगने उजव्या बाजूच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. डावीकडे बसलेला बघतो आणि सांगतो. शब्द आधीच ठरवा. आमचे दोनच होते, ‘जा’ आणि ‘थांब’. ‘नको’ वापरायचा नाही, घाईत त्यातला ‘को’ ऐकू येतो आणि माणूस ‘जाऊ का?’ असं ऐकतो. हसू नका, खरं आहे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हाही नियम पुण्यातच करून निघा.

औषधांचं एक सांगून ठेवतो. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं उझबेकिस्तानात आणि आखातात अंगाशी येतात. डॉक्टरांना सांगून दुसरं काही घ्या, चिठ्ठी बरोबर ठेवा. इराणमध्ये आपली कार्डं चालत नाहीत, रोख डॉलर किंवा युरो लागतात.

निधीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण पुण्यात लोक पहिला प्रश्न तोच विचारतील: तुमच्या सहलीचे पैसे आम्ही का द्यायचे? त्यांचं काय चुकलं? गाडी, पेट्रोल, बोट, सगळं स्वतःच्या खिशातून, आणि हे पहिल्या पत्रकातच लिहा. देणगी तुमच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती संस्थेचीच असू द्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जी नोंदणी आहे ना, हे बघा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नव्या कररचनेत ८०जी लागूच होत नाही. तुमच्या ऑफिसातले बहुतेक जण नव्या रचनेत असतील, त्यांना सवलतीचं आमिष दाखवू नका. म्युनिकच्या आतेभावाचे परदेशी मित्र पैसे देणार असतील तर संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी हवी, नाहीतर परदेशी पैसा तिला घेता येत नाही.

राहता राहिले तुम्ही तिघे. जानेवारीत गाडी पूर्ण सामानासकट भरून चार दिवस बाहेर पडा. एक्सप्रेस वे नको. ताम्हिणी उतरून कोकणात, आतल्या रस्त्यांनी दापोली, रत्नागिरी, मग आंबोली चढून कोल्हापूरमार्गे परत. हॉटेल नाही, रोज तंबू. तिसऱ्या दिवशी कोणीतरी कोणावर तरी चिडेल, बहुधा खिडकी उघडी की बंद यावरून. मी आणि माझा मित्र तबरीझ ते एरझुरुम एक शब्द बोललो नाही, कारण काय तर त्याने माझा चमचा वापरला. कोकणात चिडलात तर चारशे किलोमीटरवर घर आहे. पैशांचा एकच बटवा आणि तो एकाकडे, कागद दुसऱ्याकडे, आणि रस्त्याचा वाद झाला तर त्या दिवशी जो चालवतोय त्याचं ऐकायचं.

क्रम असा लावा: या महिन्यात आरसी आणि नाव, दिवाळीपर्यंत मंगोलिया की बंदर हा निर्णय, त्यानंतरच कार्नेटचा अर्ज आणि गाडीवर खर्च. आरसीचं काम झालं की एखाद्या रविवारी सकाळी गाडी माझ्याकडे घेऊन या, वर उचलून बघू. येताना धुऊन आणू नका. धुतलेल्या गाडीखाली तेल कुठून गळतंय ते दिसत नाही.